उपग्रह नकाशावरून तंबूची जागा कशी हेरावी

रानात मुक्कामाला जायचं ठरलं की मी आता तीन-चार संध्याकाळी नकाशापुढे बसतो. पहिल्या खेपेला दहा मिनिटं बसलो होतो. नदीच्या वळणावर एक फिकट, मोकळी, सपाट जागा दिसली. पाणी शेजारी, झाडं जवळ. खूण केली आणि निघालो. पोचलो तेव्हा दिवस मावळायला अर्धा तास उरला होता. ती सपाट जागा म्हणजे गोल गोट्यांनी भरलेलं नदीचं पात्र होतं आणि काठच्या झुडपांत माझ्या खांद्याइतक्या उंचीवर वाळकं गवत, काटक्या अडकून राहिल्या होत्या. पुराचं पाणी कुठवर चढतं, हे त्या काटक्याच सांगत होत्या. पाठीवर ओझं घेऊन अंधारात दीड तास वर चढलो, तेव्हा कुठे पाठ टेकायला जागा मिळाली.

चित्र खोटं नव्हतं. ते कोरड्या महिन्यातलं होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. पुढे बऱ्याच चुका करून जी पद्धत हाताला बसली, ती इथे क्रमाने लिहितो आहे. तिचा गाभा आधीच सांगतो: नकाशावर जागा निवडायला बसू नका, जागा वगळायला बसा. सुरुवातीला बारा-पंधरा ठिकाणी खुणा करा आणि मग प्रत्येक खूण पुसायला कारण शोधा. ज्या तीन-चार खुणा काही केल्या पुसता येणार नाहीत, तेवढ्याच फोनमध्ये घ्या.

हा लेख तंबूचा मुक्काम आणि वन्यजीव पाहणं यांसाठी आहे. काही देशांत परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात शिकार करता येते, काही देशांत तिला पूर्ण बंदी आहे. जिथे ती कायदेशीर आहे तिथेही रान वाचण्याची पद्धत हीच. पण कायदा आधी, नकाशा नंतर.

हाताशी काय हवं

मोठ्या पडद्याचा संगणक घ्या. फोनवर हेरलेली जागा तपासता येते, नवी जागा हेरणं कठीण जातं.

गूगल अर्थ प्रो हा संगणकावरचा प्रोग्रॅम २०१५ पासून मोफत आहे. त्यात जुनी चित्रं पाहता येतात, अंतर मोजता येतं आणि वाटेच्या चढ-उताराचा आलेख काढता येतो. त्याच्या जोडीला कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची ताजी चित्रं तिथे फुकट दिसतात. समोच्च रेषांसाठी, म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांसाठी, ओपनटोपोमॅप पुरेसा आहे.

फोनमध्ये नेटवर्कशिवाय चालणारं नकाशाचं एखादं अ‍ॅप हवं. शिवाय छापलेला नकाशा, होकायंत्र आणि एक वही. वहीचं काम शेवटी येईल.

कागदपत्रांची थैली वेगळी करा: ओळखपत्र, प्रवेशाचा परवाना, मुक्कामाची परवानगी (बऱ्याच ठिकाणी ही प्रवेशाहून वेगळी असते), जमीन खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती, आणि त्या भागातल्या बचाव पथकाचे व वनखात्याचे क्रमांक कागदावर लिहिलेले.

१. आधी मनाई कुठे आहे ते पाहा

कंटाळवाणी पायरी आहे, पण पहिली हीच. उपग्रह चित्रात कुंपण दिसत नाही, सातबारा दिसत नाही, अभयारण्याची हद्द दिसत नाही. ‘प्रोटेक्टेड प्लॅनेट’ या संकेतस्थळावर जगभरातल्या संरक्षित क्षेत्रांच्या हद्दी पाहता येतात. हे काम संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं जागतिक संवर्धन निरीक्षण केंद्र आणि आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटना मिळून करतात. हद्दी तिथे अंदाजाने समजतात. अंतिम शब्द मात्र स्थानिक वनखात्याचा, म्हणून तिथे फोन करून विचारा आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं पद व तारीख लिहून ठेवा.

लष्करी हद्द, धरणाचं क्षेत्र, खाणी आणि शेतं याच टप्प्यावर वगळा. चित्रात सरळ कडा आणि काटकोन दिसले की तिथे माणसाचा हात लागलेला असतो, असं समजून चालावं. निसर्ग सरळ रेघ क्वचितच ओढतो.

२. चित्र कधीचं आहे?

नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. उपग्रह नकाशा उघडला की आपण आत्ताची जमीन पाहतो आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात समोरचं चित्र दोन-तीन वर्षांपूर्वीचं असू शकतं आणि शेजारचा तुकडा वेगळ्याच हंगामातला. हिरवं रान एका सरळ रेषेत एकदम पिवळं झालेलं दिसलं तर जमीन बदललेली नसते, चित्राची तारीख बदललेली असते. गूगल अर्थ प्रोमध्ये खालच्या पट्टीत चित्राची तारीख येते. जवळ जाल, लांब जाल, तशी ती बदलतेही. खूण करण्याआधी तिकडे नजर टाकायची सवय लावून घ्या.

मग घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारा. त्याच जागेची जुनी चित्रं एकामागून एक उघडतील. मला त्यांतली किमान दोन हवी असतात: वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळातलं एक आणि सगळ्यात ओल्या काळातलं एक. नदीचं ते वळण मी ओल्या काळात पाहिलं असतं तर जागा पहिल्याच मिनिटाला वगळली गेली असती.

आता सेंटिनेल-२ कडे वळा. याचा एक ठिपका १० मीटरचा असतो, त्यामुळे पाऊलवाट किंवा एकटं झाड त्यात दिसायचं नाही. पण हे उपग्रह एकाच जागेवरून साधारण दर ५ दिवसांनी जातात. ओढा गेल्या आठवड्यात वाहत होता का, खिंडीतला बर्फ वितळला का, रान जळलं का, हे तिथे कळतं. बारकावे गूगल अर्थमध्ये पाहा आणि आजची स्थिती इथे. पाऊसकाळात ढगांमुळे आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही. अशा वेळी मागल्या वर्षी पाऊस उघडल्यावरचं पहिलं स्वच्छ चित्र काढून पाहावं.

ईएसआरआय या नकाशा-सॉफ्टवेअरच्या कंपनीचं ‘वेबॅक’ हे संकेतस्थळही २०१४ पासूनची चित्रं दाखवतं. त्यात एक मेख आहे. यादीतली तारीख चित्र नकाशावर चढवल्याची असते, टिपल्याची नसते. टिपल्याची तारीख पाहायला चित्रावर टिचकी मारावी लागते.

३. डोंगर आहे की दरी?

प्रश्न विचित्र वाटेल, पण अनुभवी माणसंही इथे चकतात. मी एकदा अर्धा तास एका ‘धारे’वरून मुक्कामाची वाट आखत होतो आणि ती धार म्हणजे खोल घळ निघाली.

कारण साधं आहे. उजेड वरून येतो, हे आपल्या डोळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. नकाशात उत्तर दिशा वर असते. बरेचसे उपग्रह सकाळी टिपण करतात, सेंटिनेल-२ तर स्थानिक वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास. उत्तर गोलार्धात, विशेषतः उष्ण कटिबंधाच्या बाहेर, त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो. म्हणजे चित्रात उजेड खालून येतो आणि सावल्या वरच्या बाजूला पडतात. मेंदू गोंधळतो आणि दरीला डोंगर समजतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडे असल्याने हा त्रास कमी होतो.

यावर तीन उपाय. नकाशा फिरवून दक्षिण वर आणा, बहुतेक वेळा चित्र क्षणात उलटतं आणि खरं रूप दिसतं. ते न जमल्यास पाणी शोधा, कारण ओढा ज्या रेषेने जातो ती खालची रेषा. किंवा चित्र तिरकं करून त्रिमितीत पाहा.

त्रिमितीच्या चित्रावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दुर्गम भागांत उंचीची माहिती बऱ्याचदा साधारण ३० मीटरच्या जाळीवर बेतलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवस रडारने मोजणी झाली होती. एसआरटीएम नावाची ती माहिती आजही कित्येक नकाशांच्या मुळाशी आहे. एवढ्या मोठ्या जाळीतून १० मीटरचा उभा कडा गाळला जातो आणि पडद्यावर गुळगुळीत उतार दिसतो. वर, घनदाट रानात रडारची किरणं बरीचशी झाडांच्या शेंड्यांवरूनच परततात, त्यामुळे तिथली ‘जमीन’ थोडी वर उचललेली असते. गूगल अर्थच्या सेटिंगमध्ये उंची वाढवून दाखवण्याचा आकडाही असतो. तो १ वर आहे ना, हे पाहून घ्या.

४. समोच्च रेषांवरून सपाटी काढा

रेषा दाटीवाटीने असतील तर चढ खडा, लांब लांब असतील तर सपाटी. एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते आकड्यात बसवलं की कामाला येतं. दोन रेषांत १० मीटर उंचीचा फरक असेल आणि नकाशावर त्यांच्यात २० मीटर अंतर असेल तर उतार सुमारे २७ अंशांचा झाला. तिथे उभं राहणंही कष्टाचं. तेच अंतर १५० मीटर असेल तर उतार सुमारे ४ अंश. तंबूसाठी मी अशा पट्ट्यांत शोधतो.

रेषांची टोकं वरच्या अंगाला, म्हणजे चढाकडे वळलेली असतील तर तो ओढा किंवा घळ. खालच्या अंगाला वळलेली असतील तर सोंड, म्हणजे डोंगरावरून खाली उतरत आलेली धार. दोन शिखरांच्या मधे रेषा दोन्हीकडून कमरेसारख्या आत आल्या की ती खिंड. सोंडेवर जिथे उतार थोडा थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो, ती पायरी मला सगळ्यात आवडते. पाणी साचत नाही, थंड हवा खाली निघून जाते आणि वरच्या धारेमुळे वाऱ्याचा मारा थोडा अडतो.

मर्यादाही ध्यानात असू द्या. रेषांमध्ये २० मीटरचा फरक असलेल्या नकाशावर १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे गडप होऊ शकतो. म्हणून समोच्च रेषा आणि उपग्रह चित्र शेजारी शेजारी उघडा. चित्रात जिथे बारीक, काळी, धारदार सावली दिसते आणि रेषा मात्र शांत असतात, तिथे कडा असण्याची शंका घ्यावी.

५. पाणी: हवंही, आणि लांबही

तंबूला पाणी जवळ हवं, पण पाण्यात तंबू नको. ही पायरी घाईने करू नका. माझे निम्मे प्रयत्न इथेच फसले आहेत.

नकाशावरची निळी रेघ म्हणजे पाणी, असं समजू नका. बारमाही आणि हंगामी ओढे कित्येक नकाशांत सारखेच रंगवलेले असतात. कोरड्या काळातली निदान तीन वेगवेगळ्या वर्षांची चित्रं उघडा. तिन्हींत पाणी दिसलं तरच ते धरून चाला. याला जोड म्हणून युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा जागतिक भूपृष्ठजल नकाशा पाहा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या चित्रांवरून, कुठल्या जागी पाणी किती वेळा दिसलं, हे तो रंगांनी दाखवतो. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा असल्याने छोटे झरे आणि डबकी त्यात येत नाहीत. तळी आणि रुंद नद्यांसाठी तो उत्तम.

खोल, स्वच्छ पाणी वरून काळपट आणि एकसारखं दिसतं. गढूळ पाणी तपकिरी दिसतं. ढगाची सावलीही काळपटच असते, मग ओळखायचं कसं? सावलीला तिच्याच आकाराचा पांढरा जोडीदार जवळपास असतो आणि दुसऱ्या तारखेच्या चित्रात ती तिथून हललेली असते. खोल घळीतली डोंगराची सावली अशी हलत नाही, तिच्या बाबतीत वेगळ्या महिन्यातलं चित्र काढून पाहावं लागतं.

कोरड्या काळातल्या चित्रात सगळं रान करपलेलं असताना एखादी हिरवी रेघ डोंगरातून उतरताना दिसली तर तिथे जमिनीखाली ओल आहे. पाणी उघड्यावर असेलच असं नाही. अशा रेघेच्या भरवशावर मी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन कधीच जात नाही.

आता पुराच्या खुणा. वाहत्या पाण्याच्या दोन्ही बाजूंना फिकट, झाडं नसलेला रुंद पट्टा म्हणजे नदीचं खरं अंथरूण. आज पाणी एका कोपऱ्यात असलं तरी पट्टा सगळा तिचाच. वेणीसारखे फुटलेले आणि पुन्हा मिळालेले प्रवाह दिसले तर नदी जागा बदलत राहते, हे ओळखा. घळ जिथे मोकळ्या जमिनीवर उतरते तिथे पंख्याच्या आकाराचा फिकट पसारा दिसतो. वरून वाहून आलेला तो दगडमातीचा गाळ असतो. सपाट आणि कोरडा असल्याने तो तंबूसाठी फार मोहात पाडतो. वगळा.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला नकाशा सरकवत जा. पाणलोट किती मोठा आहे? वर २० किलोमीटरवर ढगफुटी झाली तर तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही पाणी येऊ शकतं. वर धरण असेल तर पाऊस नसतानाही पातळी वाढू शकते. वस्ती, शेती किंवा खाण असेल तर पाणी उकळूनही त्यातली रसायनं जात नाहीत.

रानात मागे खूण न सोडण्याची जी आचारसंहिता ‘लीव्ह नो ट्रेस’ या नावाने जगभर पाळली जाते, तिच्यानुसार तंबू पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे सुमारे ७० पावलं लांब असावा. त्यामुळे पाणी स्वच्छ राहतं आणि जनावरांना पाण्यावर येणं सोपं जातं. मी उंचीतही निदान ५ ते १० मीटरचा फरक ठेवतो.

६. हिरवं म्हणजे काय हिरवं?

चित्रातला हिरवा रंग गवताचा, काटेरी झुडपांचा, बांबूचा की दलदलीचा, हे पोतावरून ओळखायला शिका. उंच झाडांचं रान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं गुठळ्या गुठळ्यांचं दिसतं आणि प्रत्येक गुठळीला सावली असते. झुडपी रान बारीक दाणेदार, सावल्या आखूड. गवत जवळजवळ गुळगुळीत.

गुळगुळीत आणि गडद हिरवं असेल तर सावध. रानातली मोकळी जागा मोकळी का राहिली, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारा. झाडं का वाढली नाहीत? खडक असेल, आग लागून गेली असेल, तोड झाली असेल (कडा सरळ दिसतील), किंवा जमीन इतकी पाणथळ असेल की झाडांची मुळं टिकत नाहीत. माझ्या एका सहलीत ‘हिरवळ’ म्हणून खूण केलेली जागा घोट्यापर्यंत चिखलाची निघाली. त्या जागेवरून एकही पायवाट जात नव्हती, सगळ्या तिला वळसा घालून जात होत्या. चित्रात ते स्पष्ट होतं, मी पाहिलं नव्हतं.

कोपर्निकस ब्राउझरमध्ये कृत्रिम रंगांचा एक पर्याय आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लाल रंगाने दाखवतात. जोमदार पाला तो प्रकाश भरपूर परतवतो, म्हणून जिवंत झाडोरा लालभडक दिसतो, वाळलेला फिकट आणि पाणी काळं. झाडोरा किती हिरवा आणि दाट आहे हे आकड्यात सांगणारा एनडीव्हीआय नावाचा निर्देशांकही तिथे मिळतो. त्याची किंमत उघड्या जमिनीवर शून्याच्या जरा वर, दाट झाडोऱ्यात ०.६ च्या पुढे आणि पाण्यावर सहसा शून्याखाली जाते. नवख्याला लाल रंगाचं चित्र पुरे.

७. जनावरं पाहायची असतील तर

पाणवठ्याकडे चारी बाजूंनी बारीक फिकट रेघा येऊन मिळताना दिसल्या तर त्या जनावरांच्या वाटा. माणसांच्या वाटा सहसा एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, जनावरांच्या पाण्यापाशी संपतात. गुरं आणि रानातली जनावरं यांत वरून फरक करता येत नाही, म्हणून जवळ गोठा किंवा वस्ती आहे का ते पाहा. रान आणि गवत जिथे भेटतात ती कड, दोन दऱ्यांना जोडणारी खिंड, कड्यांमधली अरुंद वाट, या जागी जनावर दिसण्याची शक्यता जास्त.

लपणासाठी अशी जागा शोधा जिथून वारा जनावराकडून तुमच्याकडे येतो आणि सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी राहतं. डोंगराळ भागात शांत हवेत दिवसा वारा उतारावरून वर चढतो आणि रात्री खाली उतरतो, हे धरून दोन वेगळ्या जागा ठरवाव्यात.

तंबू मात्र या वाटांवर कधीही नको. तहानलेल्या जनावराची रात्रीची वाट तुम्ही अडवली तर ते पाण्याला येणार नाही किंवा तुमच्यावर येईल. आणि घरटी, गुहा, पिल्लांच्या जागा यांचे अक्षांश-रेखांश कुणालाही पाठवू नका. फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप चढते, ती सोय निघण्याआधीच बंद करा.

८. आता एकेक खूण पुसा

इथे कठोर व्हा. कड्याच्या पायथ्याशी फिकट, करड्या गोट्यांची पसरण दिसते आहे? वरून दगड पडतात. डोंगरउतारावर झाडोऱ्याला मधेच ओरखडा आहे? दरड कोसळलेली आहे. हिमाच्या प्रदेशात ३० ते ४५ अंशांच्या उतारांखाली मुक्काम नको, हिमकडे बहुतेक तिथूनच सुटतात.

भर हंगामातल्या चित्रात आजूबाजूचं रान हिरवं आणि काही शेंडे मात्र राखाडी असतील तर ती झाडं मेलेली आहेत. रात्री वाऱ्याने त्यांच्या फांद्या पडतात. उघडी धार आणि एकटं झाड विजेसाठी वाईट. दरीचा अगदी तळ थंडीसाठी वाईट, कारण रात्री जड, गार हवा खाली येऊन साचते. उंचीचा हिशोबही करा: दर १००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं.

वणव्याच्या दिवसांत नासाचं ‘फर्म्स’ हे संकेतस्थळ पाहिल्याशिवाय निघू नका. उपग्रहांना दिसलेल्या आगीच्या जागा टिपल्यानंतर साधारण तीन तासांत तिथे उमटतात. ढग आणि दाट धूर असेल तर आग असूनही ठिपका उमटत नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

गूगल अर्थमध्ये सूर्यप्रकाशाची पट्टी सरकवून तुमच्या तारखेला ऊन कुठे कधी पडतं ते पाहता येतं. सकाळचं ऊन लवकर मिळणारी जागा मला महत्त्वाची वाटते: ओला तंबू वाळतो आणि अंग हलायला लागतं.

९. वाट आणि वेळ

वाट आखून चढ-उताराचा आलेख काढा. वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजूनही चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १० किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास झाले. हा हिशोब धडधाकट माणसाचा आणि विश्रांती न धरता केलेला आहे. ओझं, ऊन आणि नवी माणसं धरून मी त्याची दीडपट करतो. पायवाट नसलेल्या झुडपी रानात दुप्पटही कमी पडते.

सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचता येत नसेल तर ती खूणही पुसा. उरलेल्या प्रत्येक जागेवरून रात्रीत बाहेर पडायची एक दुसरी वाट आखून ठेवा. तिला ओढा ओलांडावा लागू नये.

१०. फोनमध्ये उतरवताना

खुणा केएमएल किंवा जीपीएक्स फायलीत साठवून अ‍ॅपमध्ये घ्या. नावं कामाची द्या: ‘तंबू १’, ‘पाणी, नक्की’, ‘पाणी, शंका’, ‘कडा, टाळा’. मग फोन विमान मोडवर टाकून घरातच अ‍ॅप उघडून पाहा. ही चाचणी चुकवू नका. कित्येक अ‍ॅपमध्ये ऑफलाइन उतरवलेल्या नकाशात रस्ते येतात, उपग्रह चित्र येत नाही, आणि ते रानात गेल्यावर कळतं.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या दोन रीती आहेत, दशांशात आणि अंश-मिनिटं-सेकंदांत. दोन्हींची सरमिसळ झाली तर जागा काही किलोमीटरने सरकू शकते. सोबत्यांशी आणि घरी ठेवायच्या चिठ्ठीत एकच रीत ठरवा. दशांशात चौथा अंक अक्षांशाच्या दिशेने सुमारे ११ मीटर दाखवतो, मुक्कामासाठी तेवढा नेमकेपणा पुरतो. चित्र आणि जीपीएस यांतच काही मीटरचा फरक असू शकतो, खड्या उतारावर जरा जास्तच. त्यामुळे कड्याच्या काठावरून जाताना पडद्यावरच्या ठिपक्याकडे पाहू नका, पायाखाली पाहा.

निघण्याआधी घरच्या माणसाकडे चिठ्ठी द्या: निवडलेल्या सगळ्या जागा, वाट, परतायची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

११. पोचल्यावर

ओझं उतरवण्याआधी पाच मिनिटं फिरा. वर पाहा, मेलेली फांदी आहे का. खाली पाहा, मुंग्यांची वारुळं, ताजी विष्ठा, बिळं आहेत का. झुडपांत अडकलेला पाचोळा पाहा आणि त्याची उंची मोजा. नकाशावर कितीही देखणी वाटलेली जागा यांपैकी एका कारणाने सोडावी लागली तर सोडा, तुमच्याकडे आणखी दोन-तीन आहेत. आहे ती जागा कोयत्याने साफ करून सपाट करायला जाऊ नका.

मग वही काढा. नकाशावरून काय वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय निघालं, दोन्ही शेजारी शेजारी लिहा: ‘गुळगुळीत हिरवं: गवत वाटलं, लव्हाळं निघालं. फिकट रेघ: पायवाट वाटली, जुना पाट निघाला.’ तारीख घाला. घरी परतल्यावर तेच चित्र पुन्हा उघडा आणि वहीतली प्रत्येक ओळ त्यावर शोधा. माझ्या वहीत आता अशी चाळीसेक पानं झाली आहेत, आणि नवीन भागाचा नकाशा उघडला की आधी मी तीच चाळतो.